मामोन : विश्वास आणि अनामत

पवित्र शुभवर्तमानात असे काही शब्द आहेत, की जे आपण अनुवादातून वर्षानुवर्षे ऐकत आलेलो असतो आणि त्यांच्याखाली दुसराच एखादा शब्द दडलेला असेल, अशी शंकाही आपल्याला शिवत नाही. एका चाकराला दोन धन्यांची सेवा करता येत नाही, म्हणून माणसाने देव आणि धन यांतून एकाची निवड करावी, हा प्रभू येशूचा उपदेश आपल्यापैकी प्रत्येकाच्या कानांवरून अनेकदा गेलेला आहे. मराठी बायबलमध्ये त्या ठिकाणी ‘धन’ हा शब्द येतो. शब्द सोपा आहे, ओळखीचा आहे आणि म्हणूनच कदाचित तो आपल्याला फारसा टोचत नाही. धनवान म्हटले की आपल्याला नेहमी दुसराच कोणीतरी आठवतो.

परंतु मूळ ग्रीक संहिता पाहिली, तर तेथे धन या अर्थाचा ग्रीक शब्द नाही. ग्रीक भाषेत संपत्तीसाठी शब्दांची वानवा नव्हती. तरीही संत मत्तय आणि संत लूक या दोघांनी येथे ‘मामोनास’ हा परका शब्द तसाच राहू दिला. तो येशूच्या मातृभाषेतला, म्हणजे अरमाईक भाषेतला ‘मामोना’ हा शब्द होय. संपूर्ण नव्या करारात तो अवघा चार वेळा आढळतो : मत्तयच्या सहाव्या अध्यायात एकदा आणि लूकच्या सोळाव्या अध्यायात तीनदा. चारही वेळा तो येशूच्याच मुखी आहे. ‘अब्बा’, ‘होसान्ना’, ‘आमेन’ हे शब्द जसे अनुवादाच्या चाळणीतून न जाता आपल्या मूळ रूपात मागे राहिले, तसाच हाही राहिला.

या शब्दाकडे मी वळलो तो विद्वत्तेच्या हौसेने नव्हे. २०१९ सालच्या सप्टेंबरमध्ये, सामान्य काळातील पंचविसाव्या रविवारी, लूकचा हाच उतारा मिस्सामध्ये वाचला गेला. मी चर्चच्या उजव्या बाजूला बसलो होतो आणि माझा सख्खा धाकटा भाऊ डाव्या बाजूला. आम्ही असे दोन बाजूंना बसू लागलो, त्याला तेव्हा दोन वर्षे होऊन गेली होती. कारण होते वडिलांच्या मागे राहिलेल्या वसईतील वाडीची तीन गुंठ्यांची एक पट्टी. त्याविषयी पुढे सांगेन. त्या दिवशी धर्मगुरूंनी प्रवचनात ओघाने सांगितले, की येथे मुळात ‘मामोन’ असा शब्द आहे आणि त्याच्या उत्पत्तीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. घरी आल्यावर मी त्या शब्दाचा माग काढू लागलो.

प्रथम जे हाती लागले ते एका सैतानाचे चित्र. मध्ययुगात मामोन हे एका दुष्ट आत्म्याचे नाव आहे, अशी समजूत रूढ झाली होती. बाराव्या शतकातील थोर ईशज्ञानी पीटर लोंबार्ड यांनीही तसे नमूद केले आहे. १५८९ साली जर्मन धर्मपंडित पीटर बिन्सफेल्ड यांनी सात प्रमुख पापांची सात दुष्ट आत्म्यांशी सांगड घातली, तेव्हा लोभाचा विभाग मामोनकडे सोपवला. पुढे १६६७ साली मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात तो एक पतित देवदूत होऊन अवतरला. स्वर्गात असतानाही त्याची नजर देवाकडे नसे, पायांखालच्या सोन्याच्या फरसबंदीकडे असे, असे मिल्टनने त्याचे वर्णन केले आहे. इंग्रजीत मोठ्या अक्षराने लिहिलेला ‘मॅमन’ तो हाच.

चित्र प्रभावी आहे यात शंका नाही. तथापि प्राचीन सिरियात अथवा पॅलेस्टाईनमध्ये मामोन नावाच्या देवतेची कोणी पूजा करीत होते, असा पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही. येशूच्या श्रोत्यांना तो शब्द ऐकून शिंगे असलेला कोणी राक्षस आठवला नसणार. मला वाटते, मामोनला सैतान ठरवण्यात आपली एक सोयही होती. सैतान बाहेरून येतो. त्याला क्रुसाची खूण करून हाकलता येते. घरातल्या लोखंडी कपाटातील खरेदीखत आणि बँकेचे पासबुक यांच्याकडे पाहून मात्र कोणी क्रुसाची खूण करीत नाही.

मग तो शब्द त्या काळच्या माणसांच्या तोंडी कोणत्या अर्थाने होता? आपल्या बायबलमधील, विशेषतः कॅथलिक बायबलमधील, एक ग्रंथ येथे साक्षीला येतो. ख्रिस्तपूर्व १८०च्या सुमारास यरुशलेममध्ये लिहिल्या गेलेल्या बेन सिराच्या ग्रंथाचा ग्रीक अनुवाद त्याच्या नातवाने केला आणि त्या रूपात तो ख्रिस्तसभेने जतन केला. मूळ हिब्रू संहिता शतकानुशतके हरवल्यात जमा होती. १८९६ साली कैरोहून आलेल्या जुन्या कागदांत तिचे एक पान केंब्रिजच्या सॉलोमन शेख्टर यांनी ओळखले आणि नंतर आणखी पाने मिळत गेली. त्या हिब्रू संहितेत, एकतिसाव्या अध्यायात, जो श्रीमंत निर्दोष राहिला आणि ‘मामोन’च्या मागे भरकटला नाही, त्याला धन्य म्हटले आहे. ग्रीक अनुवादात त्या जागी ‘सोने’ आहे. येशूच्या जन्माआधी जवळजवळ दोनशे वर्षे हा शब्द प्रचारात होता, याची ही खूण.

मृत समुद्राजवळील कुमरान येथे १९४७ नंतर सापडलेल्या गुंडाळ्यांत एका धार्मिक समूहाची नियमावली आहे. तीमध्ये काम आणि मामोन यांबाबत लहानाने मोठ्याचे ऐकावे, असा नियम आहे. येथे मामोन म्हणजे साधे पैशाचे व्यवहार. सुमारे इसवी सन २००मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात न्यायालयीन दाव्यांचे दोन वर्ग केलेले आढळतात : जिवाचे दावे आणि मामोनचे दावे. मामोनच्या दाव्याला तीन न्यायाधीश पुरत. जिवाच्या दाव्याला तेवीस लागत. मामोनच्या बाबतीत चूक झाली तर पैसे भरून ती दुरुस्त करता येते, जिवाच्या बाबतीत ती दुरुस्त होत नाही, असे तेथे स्पष्ट केले आहे. त्याच ग्रंथात रब्बी योसे यांची शिकवण येते, की मित्राचा मामोन तुला तुझ्या स्वतःच्या मामोनइतकाच मोलाचा वाटला पाहिजे.

हे सर्व पाहता शब्दाच्या अंगी मुळात काही पाप नव्हते. घर, शेत, गुरे, नाणी, उधारी या सगळ्यांना मिळून जो एक रोजचा शब्द असतो, तो हा होता. मग येशूने याच शब्दाला देवाच्या समोर, दुसरा धनी म्हणून, उभे का केले?

याचे उत्तर कदाचित शब्दाच्या मुळाशी असावे. संत जेरोम यांनी सांगून ठेवले आहे, की सिरियाई लोकांच्या भाषेत संपत्तीला मामोना म्हणतात. ते बरोबरच होते. सिरियाक बायबलमध्ये, ज्या भाषेत केरळमधील संत थॉमस ख्रिस्ती समाजाने शतकानुशतके उपासना केली त्या भाषेत, येथे हाच शब्द आहे. उत्तर आफ्रिकेत वाढलेल्या संत ऑगस्टिन यांनी आपल्याकडील प्युनिक बोलीतही ‘मामोन’ म्हणजे नफा, असे नोंदवले आहे. अर्थ असा कळला तरी व्युत्पत्तीचा प्रश्न उरतोच. काही अभ्यासक या शब्दाचा संबंध ‘दडवून ठेवलेली वस्तू’ या अर्थाच्या धातूशी जोडतात. काही ‘मोजणे, वाटा देणे’ या धातूशी, तर काही ‘विपुलता’ या अर्थाच्या शब्दाशी. परंतु अनेकांचा कल चौथ्या मताकडे आहे. या मतानुसार मामोन हा शब्द अलेफ, मेम, नून या तीन व्यंजनांच्या ‘अमन’ धातूपासून आला. उच्चाराच्या ओघात हलका अलेफ गळून पडला आणि ‘मआमोन’चे ‘मामोन’ झाले. या धातूचा अर्थ स्थिर असणे, भरवशाचे असणे. आणि याच धातूपासून आला आहे आपल्या प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी येणारा शब्द : ‘आमेन’.

हे वाचून मी क्षणभर थांबलो. वाद अजून मिटलेला नाही, हे लक्षात ठेवूनही, एका मुळातून दोन शब्द निघाले असावेत आणि त्यांतला एक देवाला होकार देणारा व दुसरा देवाचा प्रतिस्पर्धी ठरणारा असावा, हा विचार मनातून जाईना.

विशेष म्हणजे या धातूचे गोत आपल्या मराठीतही नांदते आहे. हिब्रू, अरमाईक आणि अरबी या बहिणी-बहिणी आहेत. अरबीतील याच तीन व्यंजनांपासून झालेले शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इतके रुळले की त्यांचे परकेपण आपण विसरून गेलो. ‘इमान’ आणि ‘बेइमानी’ हे त्यांपैकी. ‘अमानत’ हा तिसरा. आणि ज्याच्या अक्षरांची मराठी जिभेवर अदलाबदल झाली तो चौथा, ‘अनामत’. वाचनालयाचे सभासद होताना आपण अनामत भरतो; निवडणुकीत सपाटून पडलेल्या उमेदवाराची अनामत जप्त होते. अनामत म्हणजे एकाची दुसऱ्याजवळ विश्वासाने ठेवलेली वस्तू. ती ज्याच्याजवळ आहे त्याची ती नव्हे.

‘अनामत’ या शब्दाने मला मामोनचा अर्थ उलगडून दाखवला असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. भरवसा या कल्पनेतून संपत्तीसाठी शब्द तयार होतो, तेव्हा तो दोन तऱ्हांनी वाचता येतो. जे आपल्यावर भरवसा ठेवून आपल्याजवळ दिले आहे ते मामोन; किंवा आपण ज्याच्यावर भरवसा ठेवतो ते मामोन. पहिल्या अर्थाने संपत्ती ही अनामत ठरते आणि आपण तिचे कारभारी. दुसऱ्या अर्थाने ती आपला आधार होते आणि आपण तिचे आश्रित. वस्तू तीच, घर तेच, शेतही तेच. भरवशाची दिशा तेवढी बदललेली असते. ज्या दिवशी ती दिशा बदलते त्या दिवशी चाकर धनी होतो, आणि हा बदल इतका निःशब्द असतो की घरातल्या कोणाला त्याची चाहूल लागत नाही.

आता लूकचा सोळावा अध्याय या दृष्टीने पाहावा. एका धनवंताच्या कारभाऱ्यावर उधळपट्टीचा आरोप आला. काम जाणार हे दिसताच त्याने धन्याच्या कुळांना बोलावून त्यांचे कर्जरोखे कमी करून दिले; शंभर माप तेलाचे पन्नास झाले, शंभर माप गव्हाचे ऐंशी. हा दाखला ऐकून आपण नेहमीच गोंधळतो. लबाडाची वाखाणणी कशासाठी, असे आपल्याला वाटते. परंतु दाखल्यानंतर येणारी येशूची वाक्ये ऐकावीत. थोडक्यात जो विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू. अनीतीच्या मामोनबाबत जो विश्वासू ठरला नाही त्याच्या हाती खरे धन कोण सोपवील. आणि जे दुसऱ्याचे आहे त्याबाबत जो विश्वासू नाही त्याला त्याचे स्वतःचे कोण देईल, असा तो आशय आहे. येथे विश्वासू, सोपवणे, खरे आणि मामोन हे शब्द एकापाठोपाठ एक येतात. ग्रीकमध्ये ते सगळे एका मुळाचे वाटत नाहीत. पण ही वाक्ये अरमाईकमध्ये बोलली गेली असतील, तर विश्वासू असणे, विश्वासाने सोपवणे आणि मामोन यांचा एकच ‘अमन’ ध्वनी श्रोत्यांच्या कानांत वारंवार घुमला असेल, हे अनेक भाष्यकारांनी दाखवून दिले आहे.

‘अनीतीचा मामोन’ हा शब्दप्रयोगही येशूच्या काळच्या बोलण्यातला दिसतो. जुन्या कराराच्या अरमाईक रूपांतरात शमुवेलाच्या मुलांची गोष्ट येते. ते बापाच्या मार्गाने चालले नाहीत, लाच घेऊन न्याय फिरवू लागले. तेथे हिब्रूतील ‘गैरलाभ’ या शब्दासाठी ‘खोटेपणाचा मामोन’ असा शब्द योजलेला आहे. मामोनचे मूळ भरवशात असेल, तर खोटा मामोन म्हणजे भरवशाचा दिसून ऐनवेळी दगा देणारा. येशू म्हणतात, की तो आटेल तेव्हासाठी त्याच्या साहाय्याने आजच मित्र जोडून ठेवा. आटला ‘तर’ असे ते म्हणत नाहीत. तो आटणार हे गृहीतच धरले आहे.

माझ्या आजोबांना यांतली एकही व्युत्पत्ती ठाऊक नव्हती. ते केळीचे बागायतदार होते आणि जेमतेम चौथीपर्यंत शिकले होते. १९५०च्या दशकात आमच्या शेजारची एक विधवा आपल्या मुलाकडे पूर्व आफ्रिकेत निघाली. जाण्यापूर्वी तिने आपल्या पाटल्या आणि एक साखळी फडक्यात बांधून आजोबांच्या हवाली केली. चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही. आजीने ती पुरचुंडी भाताच्या कणगीत ठेवली. पुढच्याच वर्षी माझ्या आत्याला विषमज्वर झाला. पैसा हाताशी नव्हता. आजोबांनी बागेतले उभे पीक व्यापाऱ्याला पडत्या भावात देऊन टाकले आणि ते वर्ष कर्जात काढले. त्या पाटल्या तारण ठेवून पैसे उभे करावेत आणि नंतर सोडवून आणाव्यात, असे आजीने एकदाच सुचवले म्हणे. त्यावर ते काही बोलले नाहीत, नुसते उठून बाहेर गेले.

सहा वर्षांनी ती बाई परत आली. आजोबांनी पुरचुंडी तिच्यापुढे ठेवली. ती न उघडताच कमरेला खोवू लागली, तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, मोजून घ्या.” ती म्हणाली, “भावजी, तुमच्याकडे मोजायचं काय?” “तरी मोजा,” ते म्हणाले, “म्हणजे आज मला झोप लागेल.”

ही गोष्ट आमच्या घरात शंभर वेळा सांगितली गेली असेल. मीही ती माझ्या मुलांना अभिमानाने सांगितली आहे. आणि तीच गोष्ट सांगणारा मी, त्याच आजोबांच्या वाडीतील तीन गुंठ्यांसाठी भावाशी बोलेनासा झालो होतो. वडील गेले, सात-बाराच्या उताऱ्यावर आमची दोघांची नावे लागली. वाडीच्या कडेने बावखलापर्यंत जाणारी ती पट्टी पूर्वी सर्वांच्या पायवाटेची होती. तिच्याकडे कधी कोणी जमीन म्हणून पाहिले नव्हते. एका बिल्डरने भाव सांगितला आणि ती जमीन झाली. तो म्हणाला माझी, मी म्हणालो माझी. दोघांकडेही कागद होते आणि दोघांकडेही आईने केव्हातरी उच्चारलेले एकेक वाक्य होते. मिस्सामध्ये शांतीचे अभिवादन करण्याची वेळ आली, की मी मागच्या बाकावरील अनोळखी माणसाला नमस्कार करीत असे.

मी लोभी आहे असे मला त्या काळात एकदाही वाटले नाही. मला वाटे, मी न्यायासाठी भांडतो आहे. मुलांच्या भवितव्यासाठी भांडतो आहे. मामोनची सेवा करणारा माणूस स्वतःशी बोलताना लोभाची भाषा कधीच करीत नाही. कर्तव्य, सुरक्षितता, मुलेबाळे, म्हातारपण हेच शब्द त्याच्या तोंडी असतात, आणि त्यांतला एकही शब्द खोटा नसतो. येथेच खरी अडचण आहे.

कोणी म्हणेल, ज्याच्या घरी दोन वेळा चूल पेटत नाही त्याला हा उपदेश काय कामाचा? हा आक्षेप रास्त आहे. दारिद्र्य हे पुण्य आहे असे येशूने कधी भुकेलेल्याला ऐकवले नाही. त्याने त्याला भाकर दिली. पोट भरण्यासाठी राबणे, लेकरांसाठी चार पैसे मागे टाकणे, घामाचा मोबदला मागणे, हे मामोनची सेवा करणे नव्हे. आपल्या बापजाद्यांनी काटकसरीने उभारलेल्या पतपेढ्या नसत्या, तर किती घरे सावकाराच्या घशात गेली असती! ख्रिस्तसभेनेही खासगी मालकी कधी पाप मानलेली नाही. संत थॉमस अक्वायनस सांगतात, की वस्तू मिळवण्याचा आणि सांभाळण्याचा अधिकार व्यक्तीला आहे. मात्र तिचा उपयोग करताना ती सर्वांची आहे असे मानून, गरजवंताला देण्यास त्याने तयार असले पाहिजे. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी नाबोथाच्या द्राक्षमळ्यावर एक पुस्तिका लिहिली. श्रीमंत गरिबाला देतो तेव्हा तो आपले देत नसून त्याचेच त्याला परत करतो, असे त्यांनी तीमध्ये बजावले. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हाच विचार आधुनिक जगासमोर पुन्हा मांडला. त्याच्याही पूर्वी, लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात, परमेश्वराने भूमी कायमची विकण्यास मनाई केली आहे, कारण भूमी त्याची आहे आणि आपण तिच्यावर उतरलेले पाहुणे आहोत.

आपल्या देशात हे मर्म एका बिगरख्रिस्ती महात्म्याने अचूक ओळखले. २२ डिसेंबर १९१६ रोजी अलाहाबादच्या म्युअर कॉलेजात अर्थशास्त्राच्या मंडळापुढे बोलताना गांधीजींनी देव आणि मॅमन यांच्याविषयीचे येशूचे वचन घेतले आणि ते उच्च कोटीचे आर्थिक सत्य आहे, असे सांगितले. पुढे त्यांनी मांडलेली विश्वस्तवृत्तीची कल्पना, म्हणजे धनिकाने आपल्या संपत्तीचा मालक न होता विश्वस्त व्हावे ही शिकवण, अनामत या शब्दाहून फार दूर नाही.

तेव्हा प्रश्न किती आहे हा नाही. अर्ध्या एकरात मामोन धनी होऊ शकतो आणि शंभर एकरांतही तो चाकर राहू शकतो. आपल्या घरात तो कोणत्या जागी आहे हे ओळखायचे कसे? मला आजोबांच्या त्या एका वाक्यात एक कसोटी सापडली. अनामत घरात असते तोवर माणसाला नीट झोप लागत नाही आणि ती ज्याची त्याला दिली की त्याला हलके वाटते. मालकीच्या वस्तूचे उलट असते. ती जाईल या भीतीने झोप उडते. जे दिल्याने आपल्याला हलके वाटेल ते अजून अनामत आहे. जे देण्याच्या नुसत्या कल्पनेने छातीत कळ येते, तेथे मामोनने आपली गादी मांडलेली आहे. मी ही कसोटी त्या तीन गुंठ्यांना लावून पाहिली आणि उत्तर मला आवडले नाही.

मिश्नामधील आणखी एक भाष्य येथे नमूद केले पाहिजे, कारण त्यावाचून या शब्दाची कथा अपुरी राहील. धर्मनिष्ठ यहुदी माणूस दररोज जी श्रद्धाघोषणा म्हणतो, जिला येशूनेही सर्वांत मोठी आज्ञा म्हटले, ती अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. तीमध्ये परमेश्वरावर संपूर्ण मनाने, संपूर्ण जिवाने आणि संपूर्ण शक्तीने प्रीती करावयास सांगितले आहे. ‘संपूर्ण शक्तीने’ म्हणजे काय, असा प्रश्न रब्बींनी केला आणि त्याचा एक अर्थ असा दिला : आपल्या संपूर्ण मामोननिशी. देवाचा प्रतिस्पर्धी म्हणून ज्याला आपण ओळखतो तोच मामोन देवावरील प्रीतीचे साधन होऊ शकतो. त्याला जाळून टाकावे असे कोणी सांगत नाही. त्याने गादीवरून उतरावे आणि सेवेला लागावे, एवढेच मागणे आहे.

त्या वर्षी आगमनकाळात मी भावाच्या घरी गेलो. त्याने दार उघडले. ‘ये’ म्हणायला त्याला थोडा वेळ लागला. सगळे त्या एका संध्याकाळी मिटले असे सांगता येणार नाही. भावजयीच्या मनातील अढी पुढे कित्येक महिने होती आणि माझ्या घरीही प्रश्न विचारले गेले. ती पट्टी आम्ही विकली नाही. कोणी कोणाला दिलीही नाही. ती पूर्वी जशी होती तशी, बावखलापर्यंतची पायवाट म्हणून सोडून दिली आणि तसे दोघांनी लिहून ठेवले. बिल्डरने सांगितलेली रक्कम मोठी होती. ती मला आजही आठवते आणि आठवली की क्षणभर खंत वाटते. मामोन इतक्या सहज गादी सोडत नाही.

परंतु आता मिस्सामध्ये आम्ही एकाच बाजूला बसतो. अर्पणाच्या वेळी टोपली समोरून फिरते, तेव्हा तीत पडणाऱ्या नोटेकडे मी पूर्वीपेक्षा अधिक लक्ष देऊन पाहतो. पुढे धर्मगुरू ख्रिस्तप्रसाद उंच धरून गौरवगान म्हणतात आणि सगळे मंदिर एका स्वरात ‘आमेन’ म्हणते. म्हणजे, हे स्थिर आहे, हे भरवशाचे आहे, माझा आधार येथे आहे. वाचकहो, हा शब्द आपण दर रविवारी म्हणतो. सोमवारी आपल्या कागदपत्रांकडे, आपल्या जमिनीकडे आणि आपल्या भावंडांकडे पाहताना आपण तोच शब्द कोणाला उद्देशून म्हणत असतो, एवढे प्रत्येकाने आपापल्या घरी तपासून पाहावे.